अंतिम रेषेनंतर: ड्रॅग रेसची गाडी थांबते कशी

मोटारींच्या बहुतेक शर्यतींत गाडी वळणावर वेग कमी करते, वळण संपले की पुन्हा वाढवते, आणि शेवटची फेरी झाल्यावर सावकाश एक चक्कर मारून आत येते. ड्रॅग रेसमध्ये यातले काहीच नसते. सरळ रस्ता, शेजारीशेजारी उभ्या दोन गाड्या, हिरवा दिवा आणि परंपरेने पाव मैलाचे, म्हणजे ४०२ मीटरचे अंतर; जो आधी पोहोचेल तो जिंकला. याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही, तो असा की शर्यतीचा निकाल लागतो नेमक्या त्या क्षणी गाडी तिच्या सर्वाधिक वेगात असते. प्रेक्षक फलकावरचे आकडे वाचू लागतात तेव्हा चालकाचे निम्मेच काम झालेले असते. उरलेले निम्मे काम म्हणजे समोरचा रस्ता संपण्याच्या आत ती गाडी सरळ ठेवून थांबवणे, आणि हा लेख त्याविषयी आहे.

आधी या कामाचा आवाका पाहू. अमेरिकेत नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, ही संस्था १९५१ पासून या खेळाचे नियमन करते. तिच्या स्पर्धांत ‘टॉप फ्युएल’ हा सर्वांत वरचा वर्ग मानला जातो. सुमारे पंचवीस फूट लांबीची, पुढे सायकलीसारखी बारीक आणि मागे अवाढव्य चाके असलेली ही गाडी प्रामुख्याने नायट्रोमिथेन या इंधनावर चालते. तिच्या इंजिनाची ताकद ११,००० अश्वशक्तीच्या घरात धरली जाते. पावणेचार सेकंदांच्या आसपास तिची धाव संपते आणि त्या वेळी वेग ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. चालकासह गाडीचे वजन मात्र हजार किलोच्या थोडे वरच, म्हणजे आपल्या साध्या घरगुती मोटारीइतकेच असते.

वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेत घोकलेले असते. तोच नियम येथे लावून पाहू. महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या हजार किलोच्या मोटारीच्या तुलनेत ५३० च्या वेगातल्या या गाडीत सुमारे ४५ पट ऊर्जा असते. ही ऊर्जा खोलीच्या तापमानाचे ३६ लिटर पाणी उकळीपर्यंत तापवू शकेल एवढी भरते. पाणी पुष्कळ उष्णता पोटात घेते, पण धातू तितकी घेत नाही. हीच सगळी ऊर्जा दहा किलो पोलादी डिस्कमध्ये काही सेकंदांत ओतली, तर ते पोलाद वितळण्याच्या तापमानापर्यंत जाईल. दुसऱ्या बाजूने पाहिले तरी उत्तर तितकेच अडचणीचे येते. चांगले टायर आणि चांगले ब्रेक असलेली मोटार जितक्या जोराने थांबते, म्हणजे सुमारे एक ‘जी’ (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या) मंदनाने, त्या जोराने ही गाडी थांबवायची तर अंतिम रेषेनंतर अकराशे मीटर रस्ता हवा. आणि हा हिशेब टायरची पकड व ब्रेकचे घर्षण शेवटपर्यंत टिकले असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात ते टिकत नाही. घाट उतरताना ट्रकच्या चाकांकडून येणारा जळका वास आणि त्यानंतर पायाखाली निर्जीव झालेला ब्रेक ज्याने अनुभवला असेल, त्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून या वेगात पहिले काम चाकांचे ब्रेक करत नाहीत, पॅराशूट करते. त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे गाडी जितकी वेगात तितके पॅराशूट अधिक कामाचे. टॉप फ्युएल गाडीची पॅराशूट उघडली की चालकाला पाच जीपर्यंतचा उलटा धक्का बसतो. ५३० च्या वेगात हा धक्का म्हणजे दर सेकंदाला गाडीतून किती ऊर्जा बाहेर जाते याचा ढोबळ हिशेब केला, तर तो आकडा दहा हजार अश्वशक्तीच्या आसपास येतो. इंजिनाची जेवढी ताकद, जवळजवळ तेवढ्याच दराने कापडाचे दोन तुकडे ऊर्जा काढून घेतात, आणि ती धातूत न साठता थेट हवेत जाते. परंतु वेग निम्मा झाला की हाच विरोध चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि वेग पाव झाला, म्हणजे ताशी १३० किलोमीटरवर आला, की सोळाव्या हिश्श्यावर. त्या वेळी पॅराशूट मागे फुगलेली दिसते, पण तिची ओढ नावापुरतीच उरलेली असते. चाकांच्या ब्रेकचे गणित नेमके उलटे आहे. त्यांची ताकद टायरच्या पकडीपुरती मर्यादित असते आणि वेग जास्त असताना ते भयंकर तापतात. मात्र कमी वेगात तेच विश्वासाचे ठरतात. तेव्हा ‘पॅराशूट की ब्रेक’ हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण वेगाचा वरचा टप्पा पॅराशूटचा आणि खालचा ब्रेकचा. वरचा टप्पा चुकला तर तो भार आपोआप खालच्यावर येऊन पडतो, आणि खालचा तो पेलण्यासाठी बनवलेलाच नसतो.

पॅराशूट गमावलेल्या गाडीचे काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ड्रॅग रेसमधले नसून भूमीवरील वेगाच्या विक्रमांमधले आहे. १५ ऑक्टोबर १९६४ रोजी युटातील बॉनव्हिलच्या मीठमैदानावर क्रेग ब्रीडलव्ह यांनी जेट इंजिनाच्या गाडीतून ताशी ५२६ मैल असा विक्रमी सरासरी वेग गाठला. त्यानंतर त्यांच्या गाडीची पॅराशूट तुटून गेली. त्यांनी चाकांचे ब्रेक वापरले, तेही जळून निकामी झाले, आणि गाडी कित्येक मैल धावत जाऊन, एक खांब मोडून, खाऱ्या पाण्याच्या डबक्यात पडली. ब्रीडलव्ह पोहून बाहेर आले. तिथे मैदान मैलोगणती मोकळे होते; ड्रॅग रेसच्या पट्टीवर रस्ता मोजका असतो आणि त्याच्या शेवटी वाळूचा पट्टा, जाळी आणि मग कुंपण असते.

ड्रॅग रेसमध्ये पॅराशूट आली तीही अपघातांच्याच वाटेने. बिल सिम्पसन हा कॅलिफोर्नियातला तरुण १९५८ मध्ये ड्रॅग रेसच्या अपघातात दोन्ही हात मोडून घरी बसला, आणि गाडी थांबवण्याचा काही वेगळा उपाय हवा या विचारातून ब्रेक पॅराशूटकडे वळला. पुढे शर्यतीच्या सुरक्षा साहित्यात त्याचे नाव मोठे झाले. आज एनएचआरएच्या नियमांनुसार ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, आणि त्याहून वेगवान गाडीला एक पॅराशूट सक्तीची आहे, तर २०० मैलांपासून पुढे दोन.

पॅराशूट हेही एक यंत्रच आहे, आणि ते बसवण्यात चुका होतात. चालकाने दांडा ओढला की आधी स्प्रिंगच्या जोरावर एक छोटी पॅराशूट बाहेर फेकली जाते, ती वाऱ्यात फुगून मुख्य पॅराशूटला पिशवीतून ओढून काढते, मग पट्टा ताणला जातो. या सगळ्याला सेकंदाचा काही भाग लागतो, आणि ५३० च्या वेगात पाव सेकंद म्हणजे ३७ मीटर. त्यामुळे अनुभवी चालकाचा हात अंतिम रेषा येण्याआधीच दांड्यावर गेलेला असतो. पट्टा गाडीला ज्या जागी जोडलेला असतो त्या जागेची उंचीही महत्त्वाची असते. ती साधारणपणे गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पातळीत हवी, कारण ओढ फार वरून किंवा फार खालून बसली तर गाडी पुढे किंवा मागे उचलली जाते. मागची चाके हलकी झाली की मागच्या ब्रेकचा उपयोग तिथेच संपतो. या धक्क्याची किंमत माणसाच्या शरीरालाही मोजावी लागते. या खेळातले सर्वांत नावाजलेले चालक डॉन गार्लिट्स यांना १९९२ मध्ये पॅराशूटच्या जबरदस्त मंदनामुळे डोळ्याचा पडदा सुटल्याने शर्यती सोडाव्या लागल्या होत्या.

आता चाकांकडे येऊ. टॉप फ्युएल गाडीला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, आणि ते पायाने नव्हे तर हाताच्या दांड्याने लावायचे असतात, कारण दोन्ही पायांना अॅक्सिलरेटर आणि क्लचचे काम असते. डिस्क कार्बनच्या असतात. मोठ्या विमानांच्या चाकांतही अशाच डिस्क वापरतात. कार्बन हलका असतो आणि पोलादाला झेपणार नाही असे तापमान सहन करतो. मात्र थंड असताना त्याची पकड कमी असते, आणि ती ओळखीची होईपर्यंत नव्या चालकाला ब्रेक लागलाच नाही असे वाटू शकते.

यानंतरचा मुद्दा सांगण्यासाठी एका दुर्घटनेकडे वळावे लागते. २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतील इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर पात्रता फेरी सुरू होती. १९९४ आणि १९९५ चे टॉप फ्युएल विजेते स्कॉट कलिटा त्या दिवशी ‘फनी कार’ वर्गाची गाडी चालवत होते. या गाडीत इंजिन चालकाच्या पुढे असते आणि वरून फायबरचे पूर्ण कवच बसवलेले असते. ताशी सुमारे ३०० मैल वेगात, अंतिम रेषेच्या आसपास, इंजिनाचा स्फोट झाला आणि गाडीने पेट घेतला. पॅराशूटना इजा झाली आणि त्यांनी गाडी रोखली नाही. गाडी पट्टीच्या टोकापर्यंत गेली, वाळूचा पट्टा ओलांडून पलीकडे धडकली, आणि कलिटा मरण पावले. त्याच वर्षी जुलैमध्ये एनएचआरएने टॉप फ्युएल आणि फनी कार या दोन वर्गांसाठी शर्यतीचे अंतर १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणले. पाव मैलाची जुनी परंपरा ज्यामुळे मोडली ते कारण हे आहे. सुटलेले ३२० फूट दुहेरी कामाचे ठरले: गाडीचा वेग वाढण्याचा शेवटचा टप्पा कापला गेला आणि थांबायला तितकाच रस्ता जास्त मिळाला.

या घटनेकडे पाहताना सहसा ‘पॅराशूट उघडली नाही’ एवढ्यावर चर्चा थांबते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एका कारणाने अनेक आधार एकदम जाण्याची शक्यता. अशा गाडीत थांबण्याचे आधार मोजले तर पुष्कळ दिसतात: इंजिन बंद करणे, दोन पॅराशूट, ब्रेक, वाळू, जाळी. कागदावर हे आधार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. पण फनी कारचे इंजिन फुटले की आग मागे जाते आणि मागे पॅराशूटच्या पिशव्या असतात. त्याच स्फोटात इंजिनाचे तेल मागच्या टायरखाली सांडते, आणि तेलावर घसरणाऱ्या टायरला कितीही उत्तम ब्रेक लावला तरी चाक अडकते, गाडी अडकत नाही. शिवाय गोंधळलेला, धुराने आंधळा झालेला किंवा शुद्ध हरपलेला चालक दांड्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे आधार पाच असले तरी ते एकाच खुंटीला टांगलेले असू शकतात. ब्रेकच्या सुरक्षिततेचे पुढचे जवळजवळ सगळे नियम या एका प्रश्नाभोवती फिरतात: जे बिघडण्याची भीती आहे ते बिघडले, तर त्याच्याबरोबर आणखी काय जाईल?

इंजिनाखाली तेल झेलणारे जाड आवरण, ज्याला तिकडे गमतीने ‘डायपर’ म्हणतात, ते याच प्रश्नाचे उत्तर आहे. पॅराशूटच्या पट्ट्यांवर आगीला दाद न देणारे वेष्टन चढवणे, आणि चालकाच्या हालचालीची वाट न पाहता इंधन तोडून पॅराशूट सोडणाऱ्या यंत्रणा बसवणे, हीसुद्धा त्याचीच उत्तरे.

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत साधे उत्तर मात्र ब्रेकच्या पाइपाच्या जागेत आहे. एनएचआरएच्या नियमावलीत ब्रेकचे पाइप पोलादी असावेत किंवा पोलादी जाळी गुंफलेले असावेत, आणि ते गाडीच्या सांगाड्याच्या दांड्याच्या बाहेरून न्यावेत, असे सांगितले आहे. तसे जमत नसेल तर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड फिरत्या चाकाच्या, घरापाशी तो पाइप सोळा इंच लांबीच्या, किमान एक अष्टमांश इंच जाड पोलादी नळीतून न्यावा लागतो. पहिल्यांदा वाचताना हा नियम फारच किरकोळ वाटतो. सोळा इंचच का, आणि नेमके तिथेच का, असा प्रश्न पडतो. उत्तर त्या जागेत आहे. फ्लायव्हील आणि क्लच मिनिटाला हजारो फेरे घेत असतात, आणि ते फुटले तर त्यांचे तुकडे करवतीसारखे सभोवती उडतात. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स ट्रॅकवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांनी उजव्या पावलाचा काही भाग गमावला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेले आणि पुढे सगळ्या ड्रॅगस्टर तशाच झाल्या. क्लच फुटतो तेव्हा गाडीला थांबण्याची गरज सर्वांत जास्त असते, आणि ब्रेकचा पाइप नेमका त्याच ठिकाणाहून जात असेल तर तेच तुकडे तोही कापतील. सोळा इंचांची ती नळी या दोन घटनांची गाठ सोडवते.

हेच तत्त्व घेऊन आता टॉप फ्युएलसारख्या दुर्मिळ गाड्या सोडून हौशी माणसाच्या गाडीकडे येऊ, कारण बहुसंख्य ड्रॅग रेसर साध्या मोटारीत फेरफार करून धावणारे असतात आणि ब्रेकच्या चुका तिथेच जास्त होतात.

ब्रेकचे काम दाबाचे आहे. चालक पेडलवर ६० किलोचा जोर देतो. पेडलच्या तरफेचे प्रमाण सहास एक असेल तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर ३६० किलोचा जोर पडतो. सिलिंडर एक इंच व्यासाचा असेल तर ब्रेक ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७१ किलो दाब तयार होतो, आणि तो कॅलिपरमधल्या मोठ्या दट्ट्यांवर जाऊन पॅड डिस्कला आवळतो. आपल्या रोजच्या मोटारीत एवढा जोर पायाला द्यावा लागत नाही, कारण इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर पायाला मदत करतो. शर्यतीसाठी इंजिनात व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमशाफ्ट टाकला की संथ गतीत निर्वात कमी होतो आणि बूस्टर अर्धवट चालू लागतो. म्हणजे इंजिनाची ताकद वाढवताना ब्रेकची ताकद न कळत कमी झालेली असते, आणि हे गॅरेजमधून बाहेर पडेपर्यंत अनेकदा कोणाच्या लक्षात येत नाही. इंजिन धावेत बंद पडले तर साठवलेल्या निर्वातावर एकदोन वेळा ब्रेक लागतो, त्यानंतर सगळा भार पायावर. म्हणूनच गंभीरपणे धावणारे लोक बूस्टर काढून टाकतात आणि तरफ व सिलिंडर त्या हिशेबाने बदलतात. पेडल जड लागते, पण इंजिनाचे भवितव्य आणि ब्रेकचे भवितव्य वेगळे होते.

ब्रेक ऑइलविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. नेहमीचे डॉट ३ आणि डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. मानकानुसार डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर १४० अंश असतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. शर्यतीची गाडी महिनोन्महिने झाकून उभी असते, वर्षातून मोजक्या धावा होतात, आणि मालकाची समजूत अशी की वापरच नाही तर ऑइल खराब कशाने होणार. ओलावा शोषायला गाडी चालावी लागत नाही. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत तर नाहीच नाही. मग एका जोरदार ब्रेकमध्ये कॅलिपर तापतो, ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि द्रव दबत नसला तरी वाफ दबते. पेडल थेट तळाला जाते.

बुडबुड्यांचा हा खेळ पाहायचा असेल तर कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये ‘एअर काढताना’ उभे राहावे. एक जण आत बसलेला असतो, दुसरा चाकापाशी उकिडवा. बाहेरचा म्हणतो, ‘मार पंप.’ आतला तीनचार वेळा पेडल दाबतो. ‘धर.’ आतला पाय दाबून ठेवतो. बाहेरचा पान्याने निपल पाव फेरा सैल करतो, पारदर्शक नळीतून तपकिरी ऑइल फुरफुरत बाटलीत उतरते, त्यात साखरेच्या दाण्याएवढे बुडबुडे दिसतात, आतल्याचा पाय खाली जातो, आणि तो वर येण्याआधी निपल बंद व्हायला हवे. ‘सोड.’ बाहेरच्याने निपल आवळण्याआधी आतल्याने पाय उचलला की काढलेली हवा पुन्हा आत. नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेली धार येईपर्यंत हे चालते, मग पुढचे चाक. या कामात वरवर काहीच भारी नाही, पण त्यात घाई केलेली गाडी पहिल्या धावेत पेडल लिबलिबीत असल्याची तक्रार घेऊन परत येते, आणि तेही परत आली तर.

ड्रॅग रेसच्या गाडीत ब्रेकवर थांबवण्याखेरीज आणखी एक काम लादलेले असते. धावेआधी मागचे टायर जागच्या जागी फिरवून तापवायचे असतात, त्याला बर्नआउट म्हणतात. त्यासाठी पुढची चाके धरून ठेवायची आणि मागची मोकळी सोडायची. ‘लाइन लॉक’ नावाचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह पुढच्या ब्रेकच्या पाइपात बसवतात. पेडल दाबून बटण दाबले की पुढच्या चाकांतला दाब तिथेच कोंडला जातो. सोयीची वस्तू आहे, पण तिची जागा पाहा: जी वाट गाडी थांबवण्यासाठी आहे तिच्याच मधोमध हा व्हॉल्व्ह बसला आहे. त्याच्या जोडावर गळती झाली तर पुढचे ब्रेक गेले. कोणी त्याचा हँडब्रेकसारखा वापर करून गाडी उभी ठेवली, तर विजेचे वेटोळे तापत राहते आणि दाब कधी ओसरेल याचा भरवसा नसतो. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाड्यांत सुरुवातीच्या रेषेवर गाडी धरून ठेवण्याचे काम आता ‘ट्रान्सब्रेक’ करते. तो गिअरबॉक्समध्येच पुढचा आणि मागचा गिअर एकदम अडकवतो. त्यामुळे चाकांचे ब्रेक थंड राहतात, हा त्याचा मला दिसणारा सर्वांत मोठा फायदा.

आपोआप लागणाऱ्या ब्रेकना एनएचआरए मान्यता देत नाही. ब्रेक लावणे आणि सोडणे ही थेट चालकाचीच कृती असली पाहिजे. यामागे सुरक्षिततेइतकीच खेळाची प्रामाणिकता आहे, आणि त्याचे कारण हौशी लोकांच्या ‘ब्रॅकेट’ शर्यतीत आहे. तिथे प्रत्येक चालक आपली गाडी किती वेळ घेईल ते आधी जाहीर करतो, हळू गाडीला तेवढी आघाडी मिळते, आणि जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा बाद होतो. परिणामी अंतिम रेषेच्या काही मीटर आधी, पूर्ण वेगात, आपण फार लवकर पोहोचतो आहोत असे वाटून चालक ब्रेकवर पाय देतो. मऊ, कमी हवेचे रुंद मागचे टायर, पुढे अरुंद चाके, आणि मान किंचित शेजारच्या गाडीकडे वळलेली. मागचे चाक अशा वेळी अडकले तर गाडीचे शेपूट पुढे यायला बघते. पॅराशूटची गरज न पडणाऱ्या वर्गातही गाडी भिंतीला लागते ती या कारणाने.

अरुंद चाकांचाच विचार केला तर विरोधाभास आणखी स्पष्ट होतो. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि साध्या मोटारीत थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात. ड्रॅग रेसर मात्र पुढचे वजन आणि घर्षण वाचवण्यासाठी पुढे बारीक टायर आणि पातळ, हलक्या डिस्क लावतो. अशा डिस्क एका धावेनंतर थंड व्हायला पुरेसा वेळ मिळेल या गृहीतावर बनवलेल्या असतात. तीच गाडी घेऊन कोणी रहदारीत शिरला, तर सिग्नलमागून सिग्नल तापत जाणाऱ्या त्या डिस्कला ते गृहीत कोणी कळवत नाही.

आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने ड्रॅग रेस झाल्या आहेत, आणि त्यांत धावणाऱ्या गाड्या-मोटारसायकली बहुतांशी रस्त्यावरच्याच, फेरफार केलेल्या असतात. अशा गाडीत संगणकीय ट्यूनिंग करून ताकद वाढवणे एका दुपारचे काम असते, ब्रेक मात्र कंपनीने मूळ वेगासाठी दिलेले तेच राहतात. ताशी १८० ऐवजी २२० किलोमीटर वेगाने रेषा ओलांडली तर वेग २२ टक्क्यांनी वाढला असे वाटते, पण ब्रेकना पचवायची ऊर्जा जवळजवळ दीडपट झालेली असते. गाडीतली मागची आसने काढून वजन कमी केलेले असेल, तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा कारखान्यात जुळवलेला तोलही बिघडतो आणि मागची चाके आधी अडकू लागतात. अशा गाडीत चाके अडकू न देणारे मूळचे एबीएस चालू ठेवणे हेच शहाणपणाचे. ते काढून टाकल्याने वजनात जे वाचते ते नगण्य आहे.

धाव संपवून गाडी परत आली की पॅराशूट जमिनीवर पसरून तिच्या पट्ट्यांवर जळल्याचे, घासल्याचे डाग आहेत का ते पाहतात, मग ती ठरावीक घड्यांत पिशवीत भरतात आणि वाहून नेताना चुकून सुटू नये म्हणून तिला पिन लावतात. पिनेला लाल फीत असते, दुरून दिसावी म्हणून. पुढच्या धावेआधी ती काढायची असते. काढायची राहिली तर चालकाने कितीही जोराने दांडा ओढला तरी पॅराशूट सुटत नाही. पॅराशूट दोन, म्हणून पिनाही दोन. पण त्या काढायला येणारा माणूस एकच असेल, आणि नेमक्या त्या वेळी त्याला कोणी हाक मारली, तर दोन्ही पिना एकदमच राहतात.